सालाद ओलिविये : इराणी पद्धतीचं चिकन-बटाट्याचं सॅलड

शेवंती

इराणी जेवणावर चर्चा निघाली की ती कबाब, केशरभात आणि बेरी पुलावाभोवती फिरते. सालाद ओलिवियेचं नाव त्यात सहसा निघत नाही. इराणी घरांत मात्र वाढदिवस असो, पाहुणे यायचे असोत की सहलीला निघायचं असो, आदल्या दिवशी बटाटे उकडायला लागतात ते बहुतेक वेळा याच्यासाठी. टोरांटोत आमच्या बाजूला इराणी वस्ती मोठी आहे. यंग स्ट्रीटवरच्या इराणी दुकानांत ओलिविये डब्यात भरून तयारही मिळतं, पण त्यात आणि घरी केलेल्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी हे शेजारच्या तेहरानच्या खानूमकडून (खानूम म्हणजे फारसीत बाई) शिकले. मराठीत नीट लिहिलेली कृती सापडली नाही, म्हणून हा धागा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हे मेयोनीजचं सॅलड नव्हे. मेयोनीज फक्त बांधणीपुरतं. ओलिवियेची चव आंबटपणावर उभी असते, आणि तो येतो खारवलेल्या काकडीतून आणि लिंबातून. बटाटा पूर्ण गार, चिकनच्या रेषा सुट्या आणि आंबट पुरेसं, ही तीन सांभाळली की बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

सहा जणांना पोटभर:

चिकन, छातीचा भाग, अर्धा किलो (हाडासकट असेल तर पाऊण किलो)
बटाटे ६०० ते ७०० ग्रॅम
अंडी ४
खारवलेल्या काकड्या, फारसीत खियारशूर, साधारण २०० ग्रॅम
मटार १ वाटी
मेयोनीज पाऊण ते एक वाटी
ऑलिव्ह तेल २ मोठे चमचे
दीड-दोन लिंबांचा रस, मीठ, ताजी भरडलेली मिरी

चिकन कुकरला लावू नका. पातेल्यात चिकन बुडेल इतकं पाणी, एक कांदा चार भाग करून, चिमूटभर हळद, मिरीचे दाणे, मीठ. उकळी आली की आच अगदी मंद करायची आणि झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायचं. गॅस बंद केल्यावर चिकन त्याच पाण्यात कोमट होऊ द्या. लगेच बाहेर काढलं की वरून कोरडं पडतं. मग हातानेच रेषा सोडवायच्या, मांसाच्या धाग्याच्या दिशेने, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाड. सुरीने चौकोनी तुकडे केले तर ते बटाट्यातून वेगळे पडतात. रेषा मात्र बटाट्याला धरून राहतात आणि प्रत्येक घासात येतात. खानूम या कामाला घरातल्या सगळ्यांना बसवतात.

बटाटे सालासकट, अख्खे उकडायचे. सोलून किंवा कापून उकडले की पाणी पितात आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी दिसतं. उकडल्यावर सोलून पूर्ण गार करायचे, शक्य असेल तर तासभर फ्रीजमध्ये, आणि मग जाड किसणीवर किसायचे. गार बटाटा घट्ट होतो आणि त्याचा कीस मोकळा पडतो. गरम बटाटा मिक्सरमध्ये फिरवाल तर चिकट खळ तयार होईल, ती नंतर कशानेही सुधारत नाही.

किसलेल्या बटाट्यावर आधी लिंबाचा रस, मीठ, मिरी आणि ऑलिव्ह तेल. हलक्या हाताने कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आंबट आणि मीठ बटाट्यात आधी शिरायला हवं. मेयोनीज आधी गेलं तर तेलाचा थर बसतो आणि लिंबू वरवर राहतं.

अंडी दहा मिनिटं उकडून किसायची किंवा बारीक चिरायची. काकड्या अगदी बारीक चिरून मुठीत घट्ट पिळायच्या. पिळलेलं पाणी टाकू नका, शेवटी आंबट कमी वाटलं तर चमचाभर कामाला येतं. मटार मऊ शिजवून, निथळून, कोरडे करून घ्यायचे. इराणमध्ये बहुतेक घरी डब्यातले मटार वापरतात, पण आपल्याकडे थंडीत ताजे असताना ते कशाला?

आता सगळं एकत्र करून मेयोनीज अर्धंच घाला. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी चव बघा, लागेल तसं उरलेलं मेयोनीज आणि लिंबू घाला. बटाटा रात्रभरात बरंच शोषून घेतो. संध्याकाळी पुरेसं वाटलेलं सकाळी कोरडं लागतं आणि खारट वाटलेलं बरोबर झालेलं असतं.

वाढताना पसरट ताटात काढून, चमच्याच्या पाठीने घुमटासारखं सारखं करून, वर मेयोनीजचा पातळ हात. त्यावर काकडीच्या चकत्या, मटार, अंड्याचे काप, टोमॅटो, ऑलिव्ह यांची नक्षी. पाहुण्यांसाठी केलं असेल तर इराणी घरात ही नक्षी कोणी टाळत नाही.

---

राजगिरा

वा, तोंपासु! हे म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या बुफेत असतं ते रशियन सॅलडच ना? त्यात अननसाचे तुकडे, गाजर, फरसबी आणि भरपूर मेयोनीज असतं. मला ते कधीच आवडलं नाही, गोडमिट्ट लागतं. पण तुमची कृती वाचून वेगळं काहीतरी वाटतंय.

---

शेवंती

राजगिरा, मूळ एकच आहे. मॉस्कोत हर्मिटेज नावाच्या रेस्तराँमध्ये ल्युसियाँ ऑलिविए हा आचारी होता. त्याने १८६० च्या दशकात हे सॅलड केलं आणि त्याचंच नाव त्याला पडलं. त्यात रानकोंबडीच्या जातीच्या पक्ष्याचं मांस, वासराची जीभ, नदीतली कोलंबी, मत्स्यअंडी असा श्रीमंती थाट होता, आणि ड्रेसिंगची नेमकी कृती त्याने कोणाला दिली नाही. १८८३ मध्ये तो वारला. क्रांतीनंतर ते रेस्तराँ राहिलं नाही आणि तसा बाजारही राहिला नाही. सोव्हिएत घरांत पक्ष्याच्या जागी उकडलेलं सॉसेज किंवा चिकन आलं, बाकी बटाटा, गाजर, डब्यातले मटार, खारवलेली काकडी, अंडं. आजही रशियात नववर्षाच्या रात्री ते टेबलावर लागतंच.

इराण आणि रशिया कास्पियन समुद्राच्या दोन काठांवरचे शेजारी. सामोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचा बंब, तिकडूनच इराणी घरात आला, पिराश्की, म्हणजे सारण भरलेले पाव, तिकडूनच आल्या. ओलिविये त्यांच्याच पंगतीतलं. स्पेनमध्ये ते एन्सालादिया रूसा झालं, त्यात बहुधा टुना असतो. तुर्कस्तानात रुस सालातासी. प्रत्येकाने आपल्या जिभेप्रमाणे वळवलं. इराणी लोकांनी मांस भरपूर वाढवलं, लिंबू घातलं आणि सगळं बारीक करून पावाला लावता येईल असं केलं. मला स्वतःला या सगळ्यांत इराणी रूप उजवं वाटतं.

---

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात लग्नाला, बाप्तिस्म्याला हे सॅलड असतं बरं का. पोर्तुगीजांचं सालादा रूसा. बटाटा, गाजर, मटार, मेयोनीज, कधी वर कोलंबी. माझी मावशी बटाट्यावर व्हिनेगर शिंपडून ठेवायची, मेयोनीज दुसऱ्या दिवशी. तुमची लिंबाची पायरी वाचून तेच आठवलं. माडाचं व्हिनेगर यात कसं लागेल?

---

शेवंती

मांडवीकाठ, माडाच्या व्हिनेगरला स्वतःचा वास असतो, त्यामुळे ते घातलं तर पदार्थ गोव्याचा होईल, आणि छानच होईल. इराणी चव हवी असेल तर लिंबूच. मावशींची पद्धत मात्र शंभर टक्के बरोबर.

---

वाळवंटी_मोगरा

दुबईत राहते. देऱ्यात इराणी दुकानं बरीच, तिथून खियारशूर आणते. छोट्या, करंगळीएवढ्या, लसूण आणि शेपूच्या वासाच्या. भारतात बाटलीत मिळणाऱ्या गर्किनपेक्षा फार वेगळ्या लागतात.

पण शेवंती, गाजराचं काय? माझी ऑफिसमधली मैत्रीण शिराजची आहे, ती उकडलेलं गाजर अगदी बारीक चिरून घालते. रंगही छान येतो. तुम्ही यादीत घेतलेलं नाही, विसरलात की मुद्दाम?

---

शेवंती

मुद्दाम. उकडलेलं गाजर गोड असतं आणि इथे गोडाला जागा नाही, असं माझं ठाम मत. रंगासाठी वर नक्षीत फूल करून लावा, आत नको.

---

वाळवंटी_मोगरा

मत मान्य, पण पटलं नाही. गाजर थोडंच घातलं आणि काकडी वाढवली तर गोडवा कळत नाही, उलट बटाट्याचा एकसुरीपणा मोडतो. इराण्यांमध्येच यावर दोन तट आहेत, तेव्हा आपल्यातही असायला हरकत नाही. लहान मुलांना गाजरवालं जास्त आवडतं हे मात्र खरं.

---

कोवळी_काकडी

पुण्यात खियारशूर कुठे मिळणार? बाटलीतली गर्किन आणली तर ती साखर घातलेल्या व्हिनेगरमधली निघते. घरी करता येतील का?

---

द्राक्षवेल

कोवळी_काकडी, अगदी सहज. नाशिकला आम्ही दर उन्हाळ्यात करतो.

कोवळ्या, बियाच न धरलेल्या छोट्या काकड्या घ्या, बोटभर लांबीच्या. गर्किन मिळाली तर उत्तमच. कर्नाटकात तिचं पीक मोठं आहे पण बहुतेक माल परदेशी जातो, आपल्या मंडईत क्वचित दिसते. काकड्या गार पाण्यात दोन तास भिजवा, म्हणजे ताठ होतात. मग फुलाकडचं टोक चकती काढून टाका. देठाकडचं नव्हे, फुलाकडचं. तिथल्या विकरांमुळे काकडी मऊ पडते, म्हणून ते काढायचं.

एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम जाडं मीठ. पाणी उकळून मीठ विरघळवून पूर्ण गार करा. काचेच्या बरणीत तळाला लसूण ठेचून, शेपूच्या जाड दांड्या, मिरी, दोन सुक्या मिरच्या आणि द्राक्षाची दोन-तीन पानं. पानांमधल्या टॅनिनमुळे काकडी कुरकुरीत राहते. पण पानं घराच्या मांडवावरची, औषध न मारलेली हवीत. बागेतली फवारलेली पानं चुकूनही नकोत. वर काकड्या उभ्या, दाटीवाटीने, आणि त्या पूर्ण बुडतील इतकं मिठाचं पाणी. वाटी किंवा छोटी बशी ठेवून दाबून टाका, काकडी वर तरंगता कामा नये. झाकण सैल ठेवा, गॅस बाहेर पडायला हवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी ढगाळ होतं, बुडबुडे येतात. ते बरोबर आहे, लॅक्टिक आम्ल तयार होतंय. उन्हाळ्यात पाच दिवसांत आंबट होतात, थंडीत दहा-बारा लागतात. रोज एक चाखून बघा आणि हवी तेवढी आंबट झाली की बरणी फ्रीजमध्ये. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर चमच्याने काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली किंवा वास सडका आला तर मात्र सगळंच फेका.

---

कोवळी_काकडी

फारच उपयोगी. धन्यवाद द्राक्षवेल! शेजारी मांडव आहे, पानं मागून आणते.

---

अन्नरस

चांगला धागा. मी अन्न तंत्रज्ञानात काम करतो, मेयोनीजबद्दल थोडं लिहितो कारण ते लिहायलाच हवं.

मेयोनीज म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात लटकवून ठेवलेले. त्यांना एकमेकांत मिसळू न देण्याचं काम अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन करतं. गरम बटाटा लागला की ही बांधणी सुटते आणि तेल वेगळं होतं. शेवंतीताईंनी बटाटा गार करायला सांगितलाय त्याचं हे कारण.

दुसरं, कच्च्या अंड्याचं मेयोनीज. त्यात साल्मोनेला हा विषबाधा करणारा जंतू असू शकतो आणि आपल्या हवेत तो फार वेगाने वाढतो. तेलंगणाने २०२४ मध्ये विषबाधेच्या घटनांनंतर कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. त्याआधी २०२३ मध्ये केरळनेही असाच निर्णय घेतला होता. लिंबू घातलं की जंतू मरतात असं लोक मानतात, पण चवीपुरत्या लिंबाने ते भागत नाही. घरी लहान मुलं, गरोदर स्त्री किंवा म्हातारी माणसं असतील तर बाजारातलं बंद बाटलीतलं, पाश्चराइज केलेल्या अंड्याचं किंवा बिनअंड्याचं वापरा.

घरचंच हवं असेल तर एक सुरक्षित मार्ग आहे. उकडलेल्या अंड्यांचे तीन बलक, अर्धी वाटी घट्ट चक्का, एक चमचा मोहरीची पेस्ट, लिंबाचा रस, मीठ. हे मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवत फिरवत पाव वाटी तेल बारीक धारेने सोडायचं. बाजारच्या मेयोनीजइतकं तकतकीत होत नाही, पण या सॅलडला चवीने जास्त जुळतं. चक्का रात्रभर टांगलेला हवा. अर्धवट निथळलेला घेतला तर सॅलड पातळ होतं.

---

शेवंती

अन्नरस, मनापासून आभार. चक्क्याला दुजोरा देते. इराण्यांकडेही टांगलेलं दही असतं, मास्त-ए-चेकिदे, आणि ज्यांना मेयोनीज जड वाटतं ते निम्मं मेयोनीज निम्मं हे दही असं करतात. मीही उन्हाळ्यात तसंच करते. फक्त दही ताजं, गोड हवं. आंबट दह्याचा आंबटपणा वेगळा लागतो, तो लिंबाच्या आड येतो.

---

शाकंभरी

आमच्याकडे चिकन नाही. अंडं चालतं. कसं जमवावं? पनीर घालावं का?

---

शेवंती

शाकंभरी, पनीर नको, असं मला वाटतं. बटाट्याशेजारी पनीर म्हणजे मऊवर मऊ. चिकनच्या रेषांनी जो दाताला लागणारा भाग येतो तो हवा. मशरूमच्या उभ्या पट्ट्या कोरड्या तव्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत भाजा, मीठ-मिरी लावून गार करून घाला. पाणी राहिलं तर सॅलड काळपट होतं, त्यामुळे तेवढं सांभाळा. आणि अंडी चाराऐवजी सहा.

---

घोडनदी

बटाट्याबद्दल कोणीच विचारलं नाही! मी मंचरकडचा आहे. आमच्या सातगाव पठारावर खरिपाला बटाटा असतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

या सॅलडला नवा बटाटा घ्या की जुना, यावर सगळं ठरतं. नव्याची साल नखाने निघते, आत पाणी जास्त आणि पीठ कमी. उकडला की घट्ट राहतो, किसला की कीस सुटा येतो. जुना बटाटा पिठूळ, हातात फुटतो. वड्याला छान, इथे त्याचा लगदा होईल. शीतगृहातला बटाटा असेल तर अजून एक गोष्ट बघा. थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि तो गोडसर लागतो. बाजारातून आणल्यावर असे बटाटे आठ-दहा दिवस घरात, अंधाऱ्या जागी, टोपलीत उघडे ठेवा. गोडवा बराच उतरतो. घरी फ्रीजमध्ये कच्चा बटाटा ठेवू नका, त्याचं कारणही हेच.

आणि मोठा एक किलोचा ढीग एकाच आकाराचा निवडून घ्या हो. लहान-मोठे एकत्र उकडले की लहान फुटतात आणि मोठे मधे कच्चे राहतात.

---

शेवंती

घोडनदी, हे फार मोलाचं लिहिलंत. इथे टोरांटोत पिवळ्या गराचा बटाटा मिळतो, तो याला अगदी योग्य, पण भारतात काय घ्यावं हे मला सांगता आलं नसतं.

बटाटा किसायचा की घोटायचा यावरही इराणी घरांत वाद असतो. काही घरांत सगळं इतकं घोटतात की पावावर लोण्यासारखं पसरतं. सँडविचसाठीच करायचं असेल तर ते सोयीचं, पण ताटात वाढायला मला किसलेलं आवडतं, चिकन वेगळं कळतं.

---

सदाशिव_पेठी

पुण्यातल्या कुठल्या इराणी हॉटेलात हे मिळतं का? बन मस्का, खारी, ऑम्लेट खात मोठे झालो, पण हा पदार्थ कधी पाहिलेला नाही.

---

वाळवंटी_मोगरा

सदाशिव_पेठी, मीही मूळची पुण्याची, म्हणून सांगते. आपल्या इराणी हॉटेलांच्या कुटुंबांचे पूर्वज बहुतेक इराणमधल्या यज्द आणि आसपासच्या भागातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे आले. त्यांनी इथे चहा, पाव, बिस्किटं आणि खिमा या इथल्या गिऱ्हाइकाच्या आवडीच्या गोष्टी विकल्या. ओलिविये हा शहरी घरातला, पार्टीतला पदार्थ, हॉटेलच्या पाटीवर तो कधी चढला नाही. पुण्यात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी मात्र खोलीवर करायचे. माझ्या कॉलेजात एक इराणी मुलगी डब्यात याचंच सँडविच आणायची, तेव्हा त्याचं नावही माहीत नव्हतं.

इराणी बेकरीचा एक उपयोग आहेच, ब्रून पाव. इराणमध्ये सँडविचच्या दुकानात लांबट पावातून ओलिविये देतात, सोबत टोमॅटोच्या चकत्या, खियारशूर आणि लेट्यूसचं पान. ब्रूनमध्ये भरून बघा. वरचं कडक कवच आणि आत गार सॅलड, फार सुंदर लागतं. पावाचा मधला मऊ भाग थोडा काढून टाका म्हणजे भरपूर मावतं. लवाश, म्हणजे इराणी पातळ रोटी, मिळत नसेल तर रुमाली रोटीही चालते.

---

डबेवाली_आई

मुलांच्या डब्यात देता येईल का? सकाळी सातला भरलेला डबा साडेदहाला उघडतात.

---

अन्नरस

देऊ नका, किंवा बर्फाच्या पॅकसकट गार राहणाऱ्या डब्यात द्या. उकडलेलं चिकन, अंडं, बटाटा, तिन्हीत जंतू पटकन वाढतात. फ्रीजबाहेर दोन तास ही मर्यादा, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस चांगलं राहतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बटाट्याला पाणी सुटतं आणि मेयोनीज फुटतं. शाळा सुटल्यावर घरी आल्या-आल्या खायला मात्र याच्यासारखं दुसरं नाही.

---

डबेवाली_आई

बरं झालं विचारलं. शनिवारी घरीच करते.

---

राजगिरा

नौरोजला हे करतात का? पारशी मित्राकडे जातो त्या दिवशी, पण तिथे कधी दिसलं नाही.

---

शेवंती

राजगिरा, पारशी घरांतला बेत वेगळा, त्यांचं जेवण गुजरातेत घडलं. इराणमध्येही नौरोजच्या दिवशी मान असतो तो मासळी आणि हिरव्या पाल्याच्या भाताला, सब्जी पोलो बा माही. ओलिवियेचा दिवस म्हणजे सीझदह बेदर, नव्या वर्षाचा तेरावा, एप्रिलच्या एक-दोन तारखेला येतो. त्या दिवशी घरात थांबायचं नाही अशी रीत. झाडून सगळे बागेत, नदीकाठी. वाफाळती आश-ए-रेश्ते (शेवया घातलेलं दाट सूप), कबाब, आणि लेट्यूसची पानं सेकंजबीनमध्ये बुडवून. सेकंजबीन म्हणजे मध किंवा साखर, व्हिनेगर आणि पुदिन्याचं सरबत. ज्यांना तिथे चूल मांडायची नसते ते ओलिवियेची सँडविचं बांधून नेतात. इथे टोरांटोतही त्या दिवशी उद्यानं इराणी कुटुंबांनी भरलेली असतात, थंडी असली तरी.

---

कोवळी_काकडी

करून बघितलं! द्राक्षवेल यांच्या काकड्या आठवड्यात तयार झाल्या. शेपूचा वास आणि लसणाची चव, नुसत्याच निम्म्या संपल्या. सॅलड आदल्या रात्री केलं, सकाळी खरंच कोरडं झालं होतं, म्हणून दोन चमचे चक्का आणि अर्धं लिंबू वाढवलं. सासूबाई मेयोनीज म्हटलं की नाक मुरडतात, त्यांनी दोनदा वाढून घेतलं. गाजर घातलं नाही, शेवंतीताई.

एक शंका: मुलाचा वाढदिवस आहे, पंचवीस माणसं. इतर पदार्थही असतील. प्रमाण चौपट करू का?

---

शेवंती

कोवळी_काकडी, किती आनंद झाला म्हणून सांगू! सासूबाईंना नमस्कार सांगा.

इतर पदार्थ असतील तर अडीच ते तीन पट पुरे. दीड किलो बोनलेस चिकन, दोन किलो बटाटे, डझनभर अंडी, अर्धा किलो काकड्या. मेयोनीज मात्र तिप्पट करू नका, दोन वाट्यांपासून सुरुवात करा आणि सकाळी बघून वाढवा. मीठही तसंच, काकड्यांचा खारटपणा रात्रभर उतरत राहतो, म्हणून शेवटचं मीठ सकाळीच. कालवायला दोन परातींत निम्मं-निम्मं घ्या, एका भांड्यात ढवळताना जोर लागतो आणि बटाटा मोडतो. चिकन आणि बटाटे दोन्ही आदल्या सकाळी उकडून ठेवले तर संध्याकाळी फक्त किसणं आणि कालवणं उरेल. वाढताना निम्मं फ्रीजमध्येच ठेवा आणि पहिलं ताट संपलं की दुसरं काढा, म्हणजे बाहेर फार वेळ राहणार नाही.

चिकनचं उकडलेलं पाणी गाळून ठेवा. त्यात सातूचे पांढरे दाणे शिजवून, दूध घालून, वर लिंबू पिळून सूप-ए-जो होतं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दमलेल्या घराला तेवढं पुरतं. कृती हवी असेल तर सांगा, वेगळा धागा काढते.